तरवडाचं शुद्धिपत्र

भाद्रपद अर्धा सरला की सोलापूरचं ऊन बदलतं. आभाळ उंच जातं, रस्त्यावरच्या चिखलाची पुन्हा धूळ व्हायला लागते, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या यंत्रमाग शेडच्या भिंतीलगत, तरवडाला कळ्या धरतात. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, गोल, हिरवट पिवळ्या. कामाला जाताना मी रोज तिथे दोन मिनिटं थांबते. पाणी घालायला नाही. त्याला माझ्या पाण्याची गरज नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. नुसती बघायला थांबते. कळ्या किती आल्यात, कुठल्या फांदीवर जास्त आहेत, कुठल्या फांदीवर कमी. कमी असलेल्या फांदीकडे नजर गेली की मी घाईने पुढे चालायला लागते.

तरवड पाहिला नाही असा माणूस आमच्या भागात मिळायचा नाही. एसटीच्या खिडकीतून, शेताच्या बांधाच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांच्या कडेला, मुरमात आणि गोट्यांत तो उभा असतो. तो कुणी लावलेला नसतो. शेळी त्याला तोंड लावत नाही, गाय हुंगून पुढे जाते. मे महिन्यात बाभळीसुद्धा थकल्यासारख्या दिसतात तेव्हा हा कमरेएवढा उंच झुडपाचा गडी हिरवा असतो. त्याच्या पानाच्या बुडाशी एक छोटं गोल पान असतं, कानाच्या पाळीसारखं. जणू झुडूप सगळीकडून कान लावून बसलंय. फुलं पिवळी, पण झेंडूसारखी भडक नाहीत. पाकळी इतकी पातळ की तिच्यातून शिरा दिसतात. मोठे काळे भुंगे येऊन फुलाला धरतात आणि अंग थरथरवतात, तेव्हा सगळा घोस हलतो.

आमच्या घरी त्याला तंगेडू म्हणतात. आम्ही तेलुगू बोलणारी विणकरांची माणसं. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी, आणि भांडण रंगलं की दोन्ही एकदम. पितृअमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत आमच्या बायका बतुकम्मा मांडतात. पितळी ताटात भोपळ्याची पानं अंथरायची आणि त्यावर फुलांचे गोल थर चढवत जायचं, खाली रुंद, वर निमुळते. शेवटी शेंड्यावर हळदीची गौरी बसवायची. संध्याकाळी सगळ्यांची ताटं अंगणात मध्यभागी ठेवून भोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा, आणि शेवटच्या दिवशी ती ताटं डोक्यावर घेऊन तलावावर जायचं. कुरडू लागतो, झेंडू लागतो, भोपळ्याची फुलं लागतात. पण पहिला थर तंगेडूचा. तो नसला तर बाकीचे थर कशावर उभे राहणार, असं पेद्दम्मा म्हणते.

पेद्दम्मा म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या भिंतीला भिंत लागून तिची खोली आहे. कळत्या वयापासून ती विड्या वळते आहे. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा आणि काळ्या लोखंडी कात्रीने त्या मापात पान कापायचं. त्या कात्रीच्या मुठीला तिच्या बोटांचा आकार आलाय. ती कात्री दुसऱ्या कुणी धरली तर हातात नीट बसत नाही. अक्षर तिला येत नाही, ना तेलुगू ना मराठी. पण कागदाचा मान तिच्याइतका कुणी राखलेला मी पाहिला नाही.

हे कागदाचं आमच्या गल्लीत आधीपासूनच आहे. माझे वडील, बापू, यंत्रमागावर काम करायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. पाठ्यपुस्तकातला मोर आणि कमळ मला नंतर भेटलं. आधी भेटले ते ‘कामगार बंधू-भगिनींनो’ आणि ‘जागे व्हा’. गुलाबी, पिवळा, पोपटी असा पातळ कागद, एका बाजूने छापलेला, बोटाला शाई लागणारा. माझं नाव क्रांती, त्याला जबाबदारही तेच. पेद्दम्माला ते नाव नीट म्हणता येत नाही. ती मला किरांती म्हणते, आणि रागात असली की नुसतं पिल्ला, म्हणजे पोरी.

गल्लीत पत्रक आलं की ते वाचायची एक रीत होती. दुपारी बायका अंगणात सुपं घेऊन बसायच्या आणि शाळेतून आलेली कुणीतरी मुलगी पत्रक मोठ्याने वाचायची. बायकांचे हात थांबायचे नाहीत. पण डोक्यात सगळं जायचं. एकदा कारखान्याचा माणूस चांगल्या विड्यासुद्धा छाट, म्हणजे खराब माल, म्हणून बाजूला टाकायला लागला, तेव्हा असंच एक पत्रक वाचलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतली एकही बाई विड्या द्यायला गेली नाही. तिसऱ्या दिवशी माणूस बदलला. म्हणून कागदावर आलेलं ऐकायचं. कागद म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी रात्रंदिवस विचार करून लिहिलेली गोष्ट, असा बायकांचा विश्वास होता, आणि तो खोटा नव्हता.

त्या विश्वासाचं मी काय केलं, ते लिहायला बसले आहे.

लहानपणापासून दरवर्षी आम्ही तंगेडूच्या फुलांसाठी अक्कलकोट रोडच्या पलीकडच्या माळावर जायचो. टेम्पो ठरवायचा, पाठीमागे दहा-बारा बायका, मांडीवर पोरं, पायाखाली पाट्या आणि ओल्या केलेल्या साड्यांचे तुकडे. माळ म्हणजे नुसता मुरूम आणि खडक, आणि त्यावर जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत पिवळं. तो माळ कुणाचा होता हे आम्हाला माहीत नव्हतं. एक राखणदार असायचा, आजूबाजूच्याच गावचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. तो दरवर्षी ओरडायचा आणि नरसव्वा दरवर्षी त्याला उत्तर द्यायची. नरसव्वा पेद्दम्माची मैत्रीण. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती.

“ओ बाई, मालकाची जागा हाय ही!”

“मालकाला म्हनावं, तूच लावलास का ही झाडं? सांग, मी पाया पडते तुज्या!”

“अवो पर इचारून तरी यायचं की.”

“इचारलं की. तंगेडूला इचारलं. तो या म्हनला.”

राखणदार हसायचा आणि शेवटी स्वतःच सावलीला पाण्याची घागर आणून ठेवायचा. हे ठरलेलं होतं. आता वाटतं, त्या दरवर्षीच्या भांडणात एक कागदावर नसलेला करार होता. बाया येणार, वाद घालणार, फुलं नेणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणार.

पेद्दम्मा फुलं हाताने तोडू द्यायची नाही. तिची विडीची कात्री ती कमरेला खोचून आणायची. फांदी वाकवायची, खालून वर बघत यायचं, घोसाच्या खालच्या पानाचा कान शोधायचा, त्याच्या वर दोन बोटं सोडायची आणि तिरकी कात्री चालवायची. एका झुडपाचे सगळे घोस ती घ्यायची नाही. आम्ही पोरं कंटाळून विचारायचो, तेव्हा म्हणायची, “भुंग्याला पण सण हाय की.” यापलीकडे तिने कधी काही समजावलं नाही. समजावणं हे पत्रकाचं काम होतं. तिचं काम हाताने करायचं होतं, आणि ते ती करत होती. माझी चूक एवढीच की समजावलं जातं ते ज्ञान आणि हाताने होतं ती सवय, असं मी धरून चालले.

कॉलेज संपवून मी एका छापखान्यात डीटीपीच्या कामाला लागले होते. त्या वर्षी शहरात झाडांबद्दल पुष्कळ बोललं जात होतं. रस्त्याच्या कडेला खड्डे, खड्ड्यांभोवती लोखंडी जाळ्या, जाळ्यांवर नावांच्या पाट्या. मोठी माणसं येऊन रोपाला हात लावून फोटो काढून घ्यायची. पुढच्या उन्हाळ्यात ती रोपं वाळली. पाट्या अजून आहेत. माझ्या अंगात संताप होता आणि तो खरा होता. ज्या मातीत काय उगवतं याची ज्यांना कल्पना नाही, ते त्या मातीवर झाडं लावणार, आणि जे आपोआप उगवतं त्याला झुडूप, कचरा, पडीक म्हणणार. हे लिहायला हवं होतं. हेच लिहायला हवं होतं.

पण मी वेगळंच लिहिलं. आदल्या वर्षी दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी मी माळावरून गेले होते. झुडपांचे शेंडे कापलेले, फांद्या बोडक्या, जमिनीवर पाकळ्या सुकलेल्या. ते दृश्य माझ्या डोक्यात बसलं. तेवढ्या एका दृश्यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं. ‘तरवड वाचवा. सणाच्या नावाखाली आपणच आपला माळ ओरबाडत आहोत. बायांनो, एकही फांदी तोडू नका.’ खाली माझं नाव. छपाई मीच केली, जेवणाच्या सुट्टीत, मालकाला विचारून. कागद मुद्दाम पिवळा घेतला. तरवडाचा रंग म्हणून. मला ते फार छान सुचल्यासारखं वाटलं होतं.

आमच्या गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, त्याच्या पुढच्या दोन गल्ल्यांत, मी घरोघरी कागद वाटला. आणि आमच्या अंगणात, विडीच्या सुपांमध्ये उभी राहून, जुन्या रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला.

वाचून झालं तेव्हा कात्र्यांचा आवाज थांबलेला होता. नरसव्वाच पहिली बोलली.

“मग बतुकम्मा काय पलास्टिकची करायची?”

दोघी-तिघी हसल्या. पेद्दम्मा हसली नाही.

“गप गं. कागद हाय तो.” मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, “कुनी लिवलं?”

“मी.”

“तू एकटीनं?”

“होय.”

तिने मान हलवली. पुन्हा पान घेतलं, पत्रा ठेवला, कात्री चालवली. “चांगलं लिवलंस,” ती म्हणाली.

मला त्या दोन शब्दांचा अभिमान वाटला होता. ते लपवून काय उपयोग. मी त्या दुपारी फार ताठ चालत होते.

बापू तेव्हा बहिणीकडे गेले होते. आल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसून दोनदा वाचला. मागाच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. साधी गोष्टसुद्धा भांडणासारखी ऐकू येते.

“ज्यांच्याविषयी लिवलीस त्यांना विचारलीस का आधी?”

“बापू, हे झाडांविषयी आहे.”

“बायांनो असं लिवलंय हितं.”

 त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या वर्षी टेम्पो ठरला नाही. कुणी बैठक घेतली नाही, कुणी वाद घातला नाही. पत्रकात आलं होतं, म्हणून बायका गेल्या नाहीत. पितृअमावस्येच्या दिवशी पेद्दम्माने बाजारातून झेंडू आणला. भोपळ्याच्या पानांवर तिने पहिला थर झेंडूचा मांडला, आणि मी शेजारी बसून देठ खुडून देत होते. तिचे हात नेहमीसारखेच चालत होते. फक्त पहिला थर झाल्यावर ती थोडा वेळ थांबली, एवढंच. ताटाकडे बघत राहिली. मग दुसरा थर चढवला. फेर झाला, टाळ्या झाल्या. मला वाटलं, आपण काहीतरी वाचवलं.

दिवाळीनंतर मी माळावर गेले. सगळीकडे फुललेला तरवड डोळे भरून बघायचा म्हणून गेले. तिथे तारेचं कुंपण होतं. आत मशीन फिरून गेलेलं, लाल मुरूम उघडा पडलेला, पांढऱ्या भुकटीने आखलेले प्लॉटचे चौकोन. बुंध्यासकट उपटलेला तरवड एका कडेला ढिगाने रचलेला होता आणि त्या ढिगावरही शेंगा होत्या, तपकिरी, चपट्या, वाऱ्यावर कागदासारख्या वाजणाऱ्या. राखणदार कुंपणाच्या बाहेर दगडावर बसला होता. त्याने मला ओळखलं.

“आवंदा तुमच्या बाया न्हाई आल्या व्हय?”

“नाही आल्या.”

“मी वाट बगितली की. घागर भरून ठिवली हुती.” तो टॉवेलाने तोंड पुसत म्हणाला. “मालकानं इचारलं, आता कोन येतं का हितं. दरवर्साला म्या सांगायचो, शंभर बाया येत्यात, भांडत्यात, देवाचं काम हाय. आवंदा काय सांगू? कोनच न्हाई आलं. मग म्हनलो, न्हाई, कोन येत न्हाई.”

बायका गेल्या असत्या तर माळ वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ज्यांना चौकोन आखायचे असतात ते आज ना उद्या आखतातच. त्यांचा गुन्हा मी स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांना मोकळं सोडणार नाही, तो त्यांचाच आहे. पण एक गोष्ट माझी आहे. त्या माळावर पाय ठेवणारी, त्याच्यासाठी दरवर्षी भांडणारी माणसं होती, आणि मी ती माणसं तिथून काढून घेतली. पत्रक छापून. तरवडाच्या नावाने. जे हात फुलं तोडत होते तेच हात माळ धरून होते, हे मला चौकोन बघितल्यावर कळलं.

घरी येऊन मी पेद्दम्माला सांगितलं. तिने विचारलं, “सगळंच का?” मी म्हटलं, सगळंच. ती सुपातलं पान उलटंपालटं करत राहिली. मग म्हणाली, “दसऱ्याला बघून आलीस तू तवा. कापलेलं बघितलीस. पुढच्या पावसात बघितलीस का कधी? जितं एक कापलं तितं तीन फुटत्यात.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“तू शिकलेली. कागदावर लिवलीस म्हंजे इचार करूनच लिवली असशील म्हनलं.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या पावसाळ्याआधी मी तिच्याकडे बिया मागितल्या. जुन्या माळावरच्या शेंगा तिच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात होत्या, सुकवलेल्या फुलांच्या शेजारी. साखरेच्या त्रासावर ती फुलं उकळून पिते. तिने मूठभर शेंगा दिल्या. मी कुंड्या आणल्या. काळी माती, शेणखत, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. सकाळ-संध्याकाळ पाणी. महिनाभर काही नाही. मग चार कोंब आले, आठवडाभर मोठे झाले, खालून पिवळे पडले आणि मान टाकून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं, पुन्हा पाणी घातलं. एक रोप वीतभर झालं. ते मी कुंडीतून काढून मोठ्या कुंडीत लावलं आणि तिसऱ्या दिवशी ते वाळलं.

पेद्दम्मा हे सगळं दारातून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“काय करालीस गं तू? पाहुना आलाय का तो, सारखं पानी पाजवालीस?”

तिने उरलेल्या बिया घेतल्या आणि दाराच्या खडबडीत पायरीवर एकेक बी घासली, कड झिजेपर्यंत. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. सकाळी जिथे लावायचं तिथेच नेऊन पेरल्या, शेडच्या भिंतीलगत, मुरमात, जिथे पूर्वी तुटक्या मागांचे लोखंडी सांगाडे पडलेले असायचे. “त्याचं मूळ लई खोल जातं,” ती म्हणाली. “एकदा बसला की त्याला हलवायचं न्हाई. लाड न्हाई करायचे.” पाऊस पडला तेवढाच पडला. तीन रोपं उगवली, दोन जगली, त्यातलं एक पुढच्या वर्षी महानगरपालिकेच्या गटारीच्या कामात गेलं. एक राहिलं.

ते एक वाढताना बघणं हा माझ्या त्या वर्षांचा धर्म झाला होता. वाळवी लागली तर राख टाकायची. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पानं खायला आल्या तर खाऊ द्यायच्या, हेही तिचंच सांगणं. “चार पानं खाल्ली तर मरतंय व्हय ते?” मेलं नाही. गेल्या वर्षी भाद्रपदात त्याला पहिल्यांदा कळ्या आल्या आणि पितृअमावस्येच्या आदल्या दिवशी पाच घोस पूर्ण फुलले. पेद्दम्माला तोवर गुडघ्यांनी धरलं होतं. मी तिला हात देऊन गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. तिने घोसाखाली तळवा धरला, न तोडता. बराच वेळ.

“कापू?” मी विचारलं. “उद्याच्या पहिल्या थराला.”

“न्हाई.”

“का?”

“कागदावर तोडू नका म्हनून आलंय न्हवं? मग?”

“पेद्दम्मा, तो कागद चुकीचा होता. मीच सांगते की.”

“तू मला सांगालीस. चार गल्ल्यांत कुनी सांगितलं? तिकडच्या बाया अजून झेंडू लावत्यात. मी एकटी तंगेडू लावून बसू व्हय त्यांच्यासमोर? तोंडानं सांगितलेलं वेगळं, कागद वेगळा. दुसरा कागद कुटाय?”

 याचं उत्तर मला चार वर्षं ठाऊक होतं. लहान असताना बापूंच्या एका पत्रकात सभेचा वार चुकीचा पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्ती छापली आणि माझं बोट धरून प्रत्येक दारात पुन्हा गेले. मी थकून रडायला लागले तेव्हा खाली बसून म्हणाले, चूक जेवढ्या दारांत गेली तेवढ्या दारांत दुरुस्ती गेली पाहिजे. त्याच मापाच्या कागदावर, त्याच मोठ्या अक्षरात. हे मला पाठ होतं. पण माझं नाव छापलेल्या कागदाखाली ‘मी चुकले’ असं पुन्हा नाव छापायचं, ज्यांच्या तोंडावर ते वाचलं त्यांच्याच तोंडावर हे वाचायचं, इतकं धैर्य माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्यांविरुद्ध लिहायला मला कधीच भीती वाटली नाही. मी रोप वाढवत बसले, कारण रोप वाढवणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पेद्दम्माच्या ताटात झेंडूच होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. संध्याकाळी छापखान्यात थांबून मी शुद्धिपत्र लिहिलं. सहा ओळी. तेवढ्यासाठी तीन वेळा खोडावं लागलं, कारण दर वेळी मालकाचा, मशीनचा, पाट्या लावणाऱ्यांचा राग त्यात घुसत होता आणि माझी चूक त्याच्यामागे लपत होती. शेवटी राहिलं ते असं: ‘तरवडाची फुलं तोडू नका असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. मी कुणालाही न विचारता लिहिलं. तुम्ही तोडत होता म्हणून तो फुटत होता आणि तुम्ही जात होता म्हणून तो माळ तुमचा होता. जिथे तरवड असेल तिथे जा. कानाच्या वर दोन बोटं सोडून तिरकं कापा.’ खाली नाव. तोच पिवळा कागद. बापूंनी तो वाचला, पण शेवटची ओळ सोडून बाकीच्याबद्दल काही बोलले नाहीत. “कापायचं कसं ते पन लिवलीस,” ते मोठ्याने म्हणाले, “हे बरं केलीस.”

चार गल्ल्यांत वाटायला तीन संध्याकाळी लागल्या. एका दारात एका बाईने कागद न घेताच विचारलं, “आता काय तोडायचं न्हाई?” मी म्हटलं, तोडायचंय. ती हसली आणि दोन कागद घेतले. आमच्या अंगणात मी सर्वांत शेवटी आले. सुपं मांडलेली होती. उभी राहून वाचलं. ‘ते चूक होतं’पाशी मी अडले, तेव्हा नरसव्वाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, “वाच की पुढं, आमी कुटं पळालोय?” वाचून झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माफ केलं असंही म्हटलं नाही. कात्र्या चालत होत्या.

पेद्दम्माने सूप बाजूला ठेवलं. तिची कात्री माझ्यापुढे धरली.

“चल,” ती म्हणाली. “अष्टमी जवळ आली.”

झुडपापाशी ती दगडावर बसली आणि मी फांदी वाकवली. ती कात्री माझ्या बोटांत नीट बसेना. पहिली फांदी मी चुकीच्या ठिकाणी धरली तेव्हा तिने मनगटावर चापट मारली. “कान कुटाय बघ आधी.” चार घोस कापले. पाचवी फांदी सर्वांत उंच होती, तिला सर्वांत मोठा घोस होता, आणि ती फुटली तेव्हापासून मी तिला रोज वाढताना बघितलं होतं. तिच्यावर कात्री ठेवली आणि मला ती चालवता आली नाही. पेद्दम्माने पाहिलं आणि कापलेले चार घोस ओच्यात घेतले. त्या अष्टमीला तिच्या ताटातला पहिला थर पातळ होता, चार घोसांचाच, मध्येमध्ये भोपळ्याची पानं दिसत होती. तो झाल्यावर ती थांबली नाही. लगेच दुसरा थर चढवायला घेतला.

ती गेल्या वर्षीची गोष्ट. या वर्षी पेद्दम्माची बोटं कात्री धरत नाहीत. विड्या बंद झाल्या. ती खुर्ची घेऊन दारात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, तंगेडूला कळ्या आल्यात. पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका परवा विचारून गेल्या, बिया मिळतील का. मी त्यांना पायरीवर घासून दाखवल्या. नरसव्वाने शहराच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेच्या कडेचा एक पट्टा शोधून काढलाय. तिथला माणूस ओरडतो, अशी आनंदाची बातमी तिने आणली.

काल संध्याकाळी खुर्ची उचलून पेद्दम्माला झुडपापाशी नेलं. जिथे जिथे गेल्या वर्षी कात्री चालली तिथे तीन-तीन, कुठे चार फांद्या फुटल्यात, आणि प्रत्येकीच्या टोकाला घोस आहे. मधोमध एक फांदी सगळ्यांच्या वर गेलेली, लांब, बोडकी, टोकाला एकच घोस घेऊन वाऱ्यावर हलणारी.

“ती कुनाची?” तिने विचारलं. तिला माहीत होतं.

“माझी.”

“का सोडलीस?”

“हात धजला नाही.”

तिने मांडीवरची कात्री उचलून माझ्या हातात दिली. एक भुंगा घोसाला धरून थरथरत होता. तो उडेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी फांदी वाकवली, खालून वर बघत आले, पानाचा कान शोधला आणि त्याच्या वर दोन बोटं ठेवली.